समता, समाजवाद आणि मतपेटी : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा आमचा अभ्यासवर्ग भरतो. यायला जमत नाही ते प्रश्न लिहून पाठवतात. कुणी कॉलेजात शिकणारं, कुणी गिरणीतून घरी बसवलेले काका, कुणी मासेमार. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत, शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवून. सोपे आधी आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरातलं दुसरीकडे लागतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समता म्हणजे सगळ्यांना सगळं सारखं वाटायचं, एवढंच ना?

नाही. ‘समान’ म्हटलं की लगेच विचारावं लागतं, काय समान? अमर्त्य सेन यांनी १९७९ साली एका व्याख्यानात हाच प्रश्न मांडला. पैसा समान हवा, संधी समान हवी, की हातात आलेल्या गोष्टीतून माणसाला प्रत्यक्ष काय करता येतं ते समान हवं?

गावातल्या दोन मुलींना सारख्या सायकली मिळाल्या असं धरा. एकीच्या खळ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. दुसरीची वाडी पऱ्ह्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, आणि त्यावरचा साकव (छोटा पूल) मोडलेला. श्रावणात शाळेत कोण पोचेल? वाटप अगदी सारखं झालं, तरी समता झाली नाही. सेन यांचा भर या ‘करता येण्यावर’ आहे, मराठीत त्याला आपण क्षमता म्हणतो. दुसऱ्या मुलीला सायकलीआधी साकव द्यावा लागेल, म्हणजे तिच्यासाठी जास्त खर्च करावा लागेल. समतेसाठी कधी कधी असमान द्यावं लागतं, हे एकदा समजलं की पुढचं बरंच सोपं होतं.

२. समाजवाद आणि साम्यवाद एकच का?

सख्खे नव्हेत, चुलत भाऊ. जमीन, कारखाने, बँका अशा उत्पादनाच्या साधनांवर मूठभरांची मालकी असू नये, हे दोघांनाही मान्य. मार्क्सने १८७५ साली लिहिलं की पुढच्या समाजात प्रत्येक जण कुवतीप्रमाणे देईल आणि गरजेप्रमाणे घेईल. तिथवर जायचं कसं, यावर वाटा फुटल्या. साम्यवादी पक्षांनी क्रांतीचा आणि एका पक्षाच्या सत्तेचा मार्ग धरला. लोकशाही समाजवाद्यांनी निवडणूक, कायदा, कामगार संघटना आणि सहकार हा मार्ग धरला. आपल्याकडे काँग्रेस समाजवादी पक्ष १९३४ साली निघाला, तो या दुसऱ्या वाटेवर पुढे गेला. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, युसूफ मेहेरअली, एस. एम. जोशी ही मंडळी त्यातली.

३. समाजवाद आला तर माझी हापूसची शंभर कलमं सरकार घेणार का?

भीती खरी आहे म्हणून सरळ उत्तर देतो : नाही. स्वतः खपून, घरच्या माणसांनी राखलेली बाग हा समाजवाद्यांच्या टीकेचा विषय कधीच नव्हता. प्रश्न दुसऱ्याच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या मालकीचा आहे. तुम्ही बाग कराराने दिलीत, करार घेणाऱ्याने राखणीला आणि फवारणीला परगावची माणसं ठेवली, पेटी वाशीला गेली, तिथे अडत कापली गेली. त्या पेटीच्या किमतीतलं कुणाच्या हातात किती पडलं, हा समाजवाद्याचा प्रश्न. तुमच्या बागेकडे तो याच हिशेबाने पाहतो. कायदा काय म्हणतो ते प्र. १४ मध्ये आहे.

४. समतेचा विषय निघाला की तुम्ही खोतीवर का येता? ती जाऊन सत्तर वर्षं झाली.

कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकातली बरीच वाक्यं आपल्या आजोबांनी जगलेली आहेत, आणि ती तशी सांगितली की चटकन कळतात.

खोत म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. काम वंशपरंपरेने चालत आलं आणि सारा भरणारा हळूहळू गावाचा धनी झाला. १८८०च्या खोती कायद्याने इंग्रज सरकारनेही त्याच्यावर शिक्का मारला. कुळाने, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने, ती कसायची आणि पिकाचा हिस्सा खोताकडे घालायचा, अर्धेल असेल तर निम्मा, तिरधेल असेल तर तिसरा. शिवाय वेठ. खोताच्या घरचं शाकारणं, लाकडं फोडणं, पालखी वाहणं.

डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये खंडाचा सिद्धांत मांडला. जमीनमालकाला मिळणारा खंड हा त्याच्या कष्टाचा मोबदला नसतो, चांगली जमीन थोडी आहे आणि ती त्याच्या ताब्यात आहे म्हणून तो मिळतो. आमचे आजोबा कूळ होते. त्यांनी रिकार्डोचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही, पण ते म्हणायचे, “पाऊस देवाचा, नांगर माझा, आणि भात त्यांचं.” किती मण घातलं ते त्यांना तोंडपाठ असायचं, पण घेतल्याची पावती घरात एकही नव्हती. माझ्या मते खोतीचं मर्म या न मिळालेल्या पावतीत आहे. हिस्सा जबर होता हे खरंच, पण हिशेब विचारायची सोय नव्हती हे त्याहून वाईट. पुढच्या उत्तरांत हा हिशेबाचा मुद्दा वारंवार येईल.

५. चरीच्या संपाने खरंच काही मिळालं का, की नुसताच अभिमान?

मिळालं. अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. पुढारी नारायण नागू पाटील. आसपासची पंचवीस गावं त्यात होती आणि संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं जमीन पड ठेवायची म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भात हेच वर्षाचं अन्न आहे त्यालाच कळेल. माणसं खाडीच्या मासळीवर, लाकूडफाट्यावर आणि मिळेल त्या मजुरीवर जगली.

या काळात डॉ. आंबेडकर चरीला आले, त्यांनी संपाला पाठिंबा दिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कोकणातली कुळं मोठ्या संख्येने होती. ते विधेयक काही मंजूर झालं नाही. पण १९३९ साली मुंबई प्रांतात कूळ कायदा झाला आणि कूळ या शब्दाला कायद्यात जागा मिळाली. १९४८ला दुसरा, अधिक भक्कम कूळ कायदा आला, १९४९ला खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं.

तारखा मुद्दाम ओळीने दिल्या. संप, विधेयक, मोर्चा, मत आणि कायदा, यातलं एकटं काहीच पुरलं नसतं. नुसत्या निवडणुकीने खोती जाती का? मला वाटत नाही. नुसत्या संपाने? त्यानेही नाही.

६. मग कूळ कायद्याने सगळ्यांना जमीन मिळाली म्हणायची का?

नाही, आणि हे अभिमानाच्या भरात विसरलं जातं. कायद्याने जमीन दिली ती कुळाला. कूळ नसलेल्या मजुराला काहीच मिळालं नाही. रायगडातल्या कातकऱ्यांकडे पाहा. वीटभट्टी, कोळसाभट्टी, दुसऱ्याची लावणी, यावर पिढ्या गेल्या. अनेक वाड्यांत घराखालची जागासुद्धा त्यांच्या नावे नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने काहींना जंगलातल्या दळी जमिनींवर दावा करता आला, तो फार उशिरा.

कुळांतही जे तोंडी करारावर कसत होते आणि ज्यांचं नाव सात-बाराला लागलंच नाही, त्यांचे हाल झाले. मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई, आणि मग मुदतीत नोटीस दिली नाही म्हणून कित्येक दावे बुडाले. देवस्थानच्या काही जमिनींना तर खरेदीची तरतूदच लागू नाही. तुमच्या घरात ‘३२ ग’ आणि ‘३२ म’चे कागद असतील तर जपून ठेवा. पहिल्यात किंमत ठरली, दुसरा खरेदीचा दाखला आहे.

७. बाबासाहेब समाजवादी होते का? दोन्ही बाजूंचे लोक त्यांना आपलं म्हणतात.

त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९४७ साली घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी राज्य समाजवादाची योजना मांडली : मूळ उद्योग सरकारी मालकीचे, विमा सरकारी, आणि शेतीसुद्धा सरकारी उद्योग. सरकारने जमीन घ्यायची, मालकाला मोबदला द्यायचा, गावकऱ्यांच्या गटांना ती कसायला द्यायची, जात न बघता. आणि हे सगळं घटनेतच लिहायचं, म्हणजे पुढच्या कुठल्या बहुमताला मोडता येणार नाही. त्याच वेळी संसदीय लोकशाही सोडायची नाही. समाजवाद हवा आणि हुकूमशाही नको, यातून त्यांनी काढलेली ही वाट.

ती योजना घटनेत आली नाही. आली ती मार्गदर्शक तत्त्वं. अनुच्छेद ३९ म्हणतो, समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं नियंत्रण सर्वांच्या हितासाठी व्हावं आणि संपत्ती थोड्यांच्या हाती साचू नये. पण या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही.

मार्क्सवाद्यांशी त्यांचं जमलं नाही, त्याचं कारण जात. मजूर-मजूर एक होतील हे त्यांना पटत नव्हतं, कारण मजुरांतच पायऱ्या होत्या. हे समजायला महाडला जावं. १९२७च्या २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झाला होता. कागदावर हक्क होता, पाण्याला हात लावता येत नव्हता. ज्या पाण्यासाठी पैसाच पडत नव्हता तेही माणसाला घेता येत नसेल, तर नुसता पैसा वाटून समता येईल कशी?

८. प्रत्येकाला एक मत आहे. बहुसंख्य लोक गरीब आहेत. मग ते मतदान करून समता का आणत नाहीत?

हा प्रश्न एका अकरावीतल्या मुलाने विचारला होता, आणि याच्यापेक्षा चांगला प्रश्न आमच्याकडे अजून आलेला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी हाच धोका सांगितला : २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान असू, सामाजिक-आर्थिक जीवनात असमान राहू, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना विषमता सोसावी लागते ते लोकशाहीचा डोलाराच उधळून लावतील.

समता मतातून आपोआप का येत नाही? एक कारण असं की मत पाच वर्षांतून एकदा आणि भाकरी रोज. ज्याच्या होडीवर जायचं, ज्याच्या बागेत राखणीला राहायचं, त्याच्याविरुद्ध उघड बोलणं परवडत नाही. दुसरं, प्रचाराला पैसा लागतो आणि तो पैसेवाल्याकडे असतो. तिसरं कारण आपल्या घरचं आहे : आपण वाडी म्हणून, जात म्हणून, मुंबईच्या मंडळाचा निरोप आला म्हणून मत देतो. वरच्या वाडीतला भूमिहीन आणि खालच्या वाडीतला भूमिहीन एकमेकांच्या मांडवात जेवत नसतील, तर ते एका मागणीवर एकत्र येणार कसे?

तरी मत फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. प्र. ५ मधल्या तारखा पुन्हा पाहा.

९. जो जास्त कष्ट करतो, डोकं चालवतो, त्याला जास्त मिळायला नको का?

हवं. जवळजवळ कुणीच याला ना म्हणत नाही. वाद आहे तो किती आणि कोणत्या अटीवर.

जॉन रॉल्सने १९७१ साली एक कल्पना मांडली. नियम ठरवायला बसताना आपण कोण म्हणून जन्माला येणार हे कुणालाच माहीत नाही असं धरा. कोकणात हे करून बघणं सोपं आहे. तुम्हाला नळपाणी योजना आखायची आहे, पण तुमचा जन्म टाकीशेजारच्या वाडीत होणार की पाइपाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बौद्धवाडीत, हे ठाऊक नाही. आता पाइप कसा टाकाल? शेवटच्या घराला पाणी पोचेल असाच टाकाल. रॉल्स म्हणतो, विषमता चालेल, पण तिने सगळ्यात मागे असलेल्याचं भलं होत असेल तरच.

१९७४ साली रॉबर्ट नॉझिकने याला उलट प्रश्न केला. तो आपल्याकडचा करून सांगतो. गावात सगळ्यांकडे सारखे पैसे आहेत. एक दशावतारी नट फार सुंदर काम करतो, लोक आपखुशीने त्याला दहा-दहा रुपये देतात. जत्रा संपल्यावर तो श्रीमंत झाला. यात अन्याय कुठे झाला? आणि समता परत आणायची तर त्याच्याकडून कर घ्यायचा ना, म्हणजे त्याच्या श्रमाचा हिस्सा जबरदस्तीने घ्यायचा?

हा युक्तिवाद हलका नाही, त्यावर आमच्या वर्गात दोन बैठका भांडण झालं. माझं उत्तर असं : नटाचे पैसे त्याचेच. पण त्याच पैशांनी तो गावाची विहीर विकत घेईल आणि पुढच्या पिढीला पाण्यासाठी त्याच्या नातवाच्या दारात उभं राहावं लागेल, तेव्हा त्या मुलांनी कुठे आपखुशीने काही दिलं होतं? करार एका पिढीचा असतो, त्याचं ओझं मात्र पुढच्या पिढ्या वाहतात.

१०. रापणीत सगळ्यांका वाटो गावता. मगे ह्यो समाजवाद न्हय तर काय?

मालवणातून आलेला प्रश्न, तसाच ठेवला. उत्तर बरंचसं होकारार्थी आहे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धवर्तुळात ते सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन्हीकडून ओढतात. मासळी वाळूवर पडते. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि दोराला लागलेल्या हातांचा वाटा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो. विषमता आहेच, कारण ज्याची होडी त्याला जास्त मिळतं. पण हिशेब उघड्यावर होतो. प्र. ४ मधल्या न मिळालेल्या पावतीशेजारी हे ठेवून पाहा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या अभ्यासासाठी. सामाईक साधन म्हटलं की लोक ते ओरबाडून संपवणारच, असा समज होता. त्यांनी जगभरची कुरणं, पाटपाणी, मासेमारीच्या जागा पाहून दाखवलं की वापरणाऱ्यांनीच नियम केले, राखण स्वतः ठेवली, चुकणाऱ्याला आधी थोडा आणि मग वाढता दंड लावला, तर सामाईक गोष्ट पिढ्यानपिढ्या टिकते. मालक सरकारच हवं असंही नाही आणि एकटा माणूस हवा असंही नाही.

मात्र ऑस्ट्रॉम यांची पहिली अट होती हद्दीची : साधन कुणाचं हे स्पष्ट हवं. रापण तिथेच हरते आहे. पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं, आणि एलईडी दिव्यांची मासेमारी खोल पाण्यात बांगड्याचा, तारलीचा थवाच्या थवा उचलते, मग किनाऱ्याला काय लागणार? राज्यात १९८१ पासून सागरी मासेमारीचा कायदा आहे, २०१६ साली पर्ससीनवर कडक बंधनं आली, एलईडीवर बंदी आहे. तरी रापणकार संध्याकाळी समुद्रात दिव्यांची रांग बघत बसतो. किनाऱ्यावरची समता किनाऱ्यावरच राखता येत नाही, तिच्यासाठी समुद्रात गस्त लागते, आणि गस्त घालणं हे सरकारचंच काम आहे.

११. सरकार मालक झालं की समाजवाद झाला, असंच ना?

सोव्हिएत रशियात जमीन, कारखाने सगळं सरकारचं होतं. पण सरकारला हिशेब विचारणारा तुरुंगात जाई. १९२९ नंतर शेती सक्तीने सामुदायिक केली गेली आणि १९३२-३३च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, धान्य पिकवणाऱ्या युक्रेनमध्ये मेली. आमच्या आजोबांच्या भाषेत सांगायचं तर गावोगावचे खोत गेले आणि सगळ्या देशाचा एकच खोत झाला, ज्याच्याविरुद्ध संप करायचीही सोय नाही. म्हणून लोकशाही समाजवादात ‘लोकशाही’ हा शब्द शोभेचा नाही, अर्धा भार त्याच्यावर आहे.

१२. समाजवाद सगळीकडे फसलाच ना?

सोव्हिएत पद्धत १९९१ला कोसळली. त्याच वर्षी भारतानेही परवाना-पद्धत बरीचशी मोडली, आणि ती मोडायलाच हवी होती. परवाना मिळवणं हाच तेव्हा धंदा होऊन बसला होता. पण स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट १९३२ पासून चार दशकांहून जास्त काळ जवळपास सलग सत्तेवर राहिले, खाजगी उद्योग ठेवून त्यांनी कर, शिक्षण, आरोग्य, पेन्शन आणि मजबूत कामगार संघटना यांच्या जोरावर विषमता पुष्कळ कमी केली. ते फसलं असं म्हणणं कठीण आहे.

१३. कोकणाने इतकी वर्षं समाजवादी निवडून दिले, त्याचा उपयोग काय झाला?

बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, १९५७ पासून १९७१ला वारले तोवर राजापूरचे खासदार. पुढे १९९१ पर्यंत प्रा. मधु दंडवते. या दोघांच्या कामातल्या दोनच गोष्टी सांगतो.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सांगितलं की मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाहीत. त्यात मालमत्तेचा हक्कही होता. नाथ पै यांनी खाजगी विधेयक आणून संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मागितला. जमीन सुधारणा अडू नयेत म्हणून लोकांच्या प्रतिनिधींचा शब्द शेवटचा हवा, ही भूमिका. मला तेव्हाची त्यांची कळकळ पटते, तरी १९७५-७७ची आणीबाणी पाहिल्यावर वाटतं की संसदेच्या हातालाही मर्यादा हवी होती. ती १९७३च्या केशवानंद भारती निकालाने घातली : घटना दुरुस्त करता येईल, तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही.

दुसरी गोष्ट दंडवत्यांची. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसवला. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते, १९८२च्या संपात नोकरी गेली. राजकारणावर ते फार बोलत नसत. पण त्या बाकाची आठवण त्यांनी मला तीनदा सांगितली. गरीब माणसाची पाठही पाठच असते, हे कुणीतरी मंत्रालयात बसून ओळखलं होतं.

१४. सरकार सार्वजनिक हितासाठी कुणाचीही मालमत्ता घेऊ शकतं का? आणि घटनेतला ‘समाजवादी’ शब्द तर नंतर घुसवलेला आहे ना?

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, पण अनुच्छेद ३०० क प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही प्र. ७ मध्ये आलेल्या अनुच्छेद ३९ मधली ‘समाजाची साधनसंपत्ती’ ठरत नाही. मालमत्ता कोणत्या प्रकारची, किती दुर्मिळ, थोड्यांच्या हातात साचली तर समाजावर परिणाम काय, हे बघावं लागेल. हा खटला मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळींच्या कायद्यातून निघाला होता, ज्या चाळींत अर्धं कोकण राहिलं.

उद्देशिकेतला शब्द १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने, आणीबाणीत आला, हे खरं. तो काढण्याच्या याचिका २०२४च्याच नोव्हेंबरात फेटाळल्या गेल्या. न्यायालयाने त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा घेतला, खाजगी उद्योगाला त्याने बाध येत नाही.

१५. डोंगर वडिलांनी कवडीमोलाने विकला. आता रस्ता झाला आणि भाव शंभरपट झाला. हा नफा कुणाचा?

हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ साली याचंच उत्तर शोधलं. जमिनीचा भाव वाढतो तो मालकाच्या कष्टाने नव्हे, आजूबाजूला रस्ता, बंदर, वस्ती येते म्हणून. म्हणजे वाढ समाजाने केली. तेव्हा ती कररूपाने समाजाकडे परत यावी, आणि मेहनतीवरचे कर कमी व्हावेत. मला हा विचार फार योग्य वाटतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३ आड येतं. पण भाव कळायच्या आधी विकणाऱ्याला त्याने संरक्षण मिळत नाही. प्रकल्पाची बातमी आधी कुणाला कळते, इथेही विषमताच आहे.

१६. दर महिन्याला खात्यात पैसे येतात, तो समाजवाद म्हणायचा का?

लाडकी बहीण योजनेत २०२४ पासून महिना १,५०० रुपये येतात, त्यावरून हे विचारलं जातं. ज्या बाईच्या हातात स्वतःचा रुपया नव्हता तिला ते मोठं आहे, त्याला नावं ठेवू नयेत. पण मालकी आणि कामाचे संबंध त्याने बदलत नाहीत. तुलनेला महाराष्ट्राची रोजगार हमी घ्या. १९७२च्या दुष्काळातल्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, १९७७ साली कायदा झाला, आणि काम मागणं हा हक्क बनला. १९९० पासून फळबाग लागवड तिला जोडली गेली आणि कोकणातले उघडे डोंगर आंबा-काजूने भरले. फार चांगली योजना. तरी बाग झाली ती ज्याच्या नावे वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन होती त्याची, खड्डे खणणाऱ्या भूमिहीनाला फक्त मजुरी मिळाली. प्र. ६ मधली उणीव इथे पुन्हा दिसते.

१७. आम्ही खोतांच्या घरातले. पणजोबांच्या वागण्यासाठी आम्ही किती दिवस मान खाली घालायची?

मान खाली घालायची गरज नाही. दोष वारशाने येत नाही. पण त्या काळात घरात आलेलं शिक्षण, ओळखी, मुंबईतली पहिली खोली हे वारशाने आलं, एवढं मान्य करावं. आणि कोकणात उलटी उदाहरणंही आहेत. अप्पासाहेब पटवर्धन उच्चवर्णीय घरातले. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण धरलं, गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैला आणि मेलेली ढोरं यांचं काम हातात घेतलं. कामाची उतरंड मोडल्याशिवाय मजुरी समान करून भागत नाही, हे ते करून दाखवत होते.

१८. आंबोली, गेळे, चौकुळची जमीन सगळ्या गावाची सामाईक. मग तिथे समता आधीपासूनच आहे ना?

सिंधुदुर्गातल्या या गावांच्या कबुलायतदार गावकर पद्धतीत गावाने मिळून सारा भरण्याची कबुलायत लिहून दिली आणि जमीन गावाच्या नावे राहिली. ऐकायला आदर्श. पण जमिनीची नोंद सरकारच्या नावे गेल्यावर घरं, शेती, कर्ज सगळंच अडलं आणि वाद वर्षानुवर्षं चालला. शिवाय वाटप करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, गावकर कोण? जुनी घराणी, की नंतर येऊन पिढ्या काढलेलेही? सामाईक म्हटलं तरी दारावर कोण उभा आहे ते बघावं लागतं. ऑस्ट्रॉम यांच्या हद्दीच्या अटीची ही दुसरी बाजू (प्र. १०).

१९. भावाने हक्कसोडपत्र पाठवलं आहे. मी अभ्यासवर्गात समतेवर बोलते. सही करू की नको?

ताई, निर्णय तुमचा. कायदा तुमच्या बाजूने आहे : हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्माने वाटेकरी आहे. त्या तारखेला वडील हयात असायची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२०ला स्पष्ट केलं. माहेर तुटेल ही भीती मी हलकी मानत नाही. गणपतीला कुठे जायचं, हा प्रश्न कोर्टात सुटत नाही. पण ज्या कुळाने खोताकडे पावती मागितली त्यालाही गावात राहायचंच होतं.

मायेने सोडायचं असेल तर काय सोडता ते माहीत असू द्या. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड जातं. म्हणून आधी सात-बारा, ८अचा खातेउतारा आणि सगळे फेरफार काढून घ्या, घराखालची जागा आणि कलमांची संख्या लिहून काढा, आणि चतुर्थीला सगळी भावंडं ओटीवर जमतील तेव्हा तो कागद मोठ्याने वाचा.